रविवारची मराठी मिस्सा भक्तिभावाने व्हावी म्हणून: गुरुवारपासूनची तयारी, क्रमाक्रमाने

मराठी मिस्सा (कॅथलिक चर्चची मुख्य उपासना) कोरडी वाटते अशी तक्रार आली की उपासना समिती काहीतरी वाढवते. एखादं गाणं, फुलांचा आणखी एक हार, प्रोजेक्टर, अर्पणाच्या वेळी मुलींचा नाच. पुढच्या रविवारी तक्रार तिथेच असते, फक्त मिस्सा दहा मिनिटांनी लांबलेली असते. मिस्सेला जे लागतं ते सगळं मिस्सेत आधीच आहे. घाई, गोंगाट आणि अर्धवट तयारी यांच्याखाली ते दडपलं जातं. म्हणून हा लेख मुख्यतः काय काढायचं, काय आधी करायचं आणि कोणत्या क्रमाने करायचं याबद्दल आहे.

ठाणे आणि नवी मुंबईतली धर्मग्रामं (पॅरिश) बॉम्बे महाधर्मप्रांतात येतात. इथे मराठी मिस्सा बहुधा इंग्रजी, कोंकणी, मल्याळम किंवा तमिळ मिस्सांच्या मध्ये सापडलेल्या वेळेत बसवावी लागते. येणारे लोकही एका मुशीतले नसतात. गावठाणातली ईस्ट इंडियन (मुंबई-ठाण्यातले मूळचे मराठी बोलणारे कॅथलिक) कुटुंबं असतात, वसईहून कळवा-ऐरोलीला राहायला आलेली असतात, अहिल्यानगर, नाशिक, जालन्याकडून कामासाठी आलेली असतात. तयारी करणारे सगळे नोकरी-घर सांभाळून येतात. तुमचं धर्मग्राम ठाण्याच्या सेंट जॉन द बॅप्टिस्टसारखं जुनं असो की खारघरच्या बाजूचं नवं, खालचा क्रम दोन्हीकडे चालतो.

१. गुरुवारी वाचनं उघडा, गाण्यांची वही नंतर

सर्वांत जास्त चुका इथे सुरू होतात. कॉयर (गायकांचा चमू) गाणी ठरवून मोकळा होतो आणि रविवारची वाचनं कोणती आहेत ते वाचकाला सॅक्रिस्टीत (चर्चमधल्या तयारीच्या खोलीत), मिस्सेच्या आधी पाच मिनिटं कळतं.

रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्रात येतात. 'अ' वर्षात मुख्यतः मत्तयाचं शुभवर्तमान, 'ब' वर्षात मार्काचं, 'क' वर्षात लूकचं. योहानाचं शुभवर्तमान तिन्ही वर्षांत, विशेषतः प्रायश्चित्तकाळात (ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत) आणि पुनरुत्थानकाळात (ईस्टरनंतरच्या पन्नास दिवसांत) येतं. ज्या सनाला तीनने भाग जातो ते 'क' वर्ष; २०२५ हे 'क' होतं, २०२६ हे 'अ'. मात्र उपासना वर्ष १ जानेवारीला बदलत नाही, आगमनकाळाच्या (नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या) पहिल्या रविवारी बदलतं. म्हणजे २९ नोव्हेंबर २०२६ पासून 'ब' वर्षाची वाचनं लागतील. दरवर्षी त्या एका रविवारी कुठेतरी जुन्या वर्षाचं पान उघडलं जातं.

आता पहिलं वाचन आणि शुभवर्तमान शेजारी ठेवून वाचा. सामान्यकाळात (नाताळ आणि ईस्टरभोवतीचे काळ सोडून उरलेल्या वर्षात) ही दोन मुद्दाम जोडलेली असतात. दुसरं वाचन आपल्या ओघाने स्वतंत्र चालतं. 'क' वर्षाचा सामान्यकाळातला पाचवा रविवार घ्या. पहिल्या वाचनात यशया मंदिरात देवाचं दर्शन घडल्यावर म्हणतो की मी अशुद्ध ओठांचा माणूस आहे. शुभवर्तमानात जाळी तुटेस्तोवर मासे लागल्यावर पेत्र येशूच्या पाया पडून म्हणतो, मी पापी आहे, माझ्यापासून दूर जा. दोघंही घाबरतात आणि दोघांनाही पाठवलं जातं. हा धागा गुरुवारी सापडला तर गाणी, प्रार्थना आणि प्रवचन एका दिशेने जातात. तो एका ओळीत लिहा आणि फादर, दोन वाचक, स्तोत्र गाणारा, कॉयरचा प्रमुख आणि प्रार्थना लिहिणारा यांना पाठवा. एवढीच माणसं पुरेत. शंभर जणांच्या ग्रुपवर टाकलेली ओळ 'सुप्रभात'च्या चित्रांत वाहून जाते.

तपासून घ्या: पोशाखाचा रंग कोणता? ग्लोरिया (देवाच्या गौरवाचं स्तुतिगीत) आहे का? (आगमनकाळ आणि प्रायश्चित्तकाळाच्या रविवारी नसतो.) आलेलूया आहे का? (प्रायश्चित्तकाळात नसतो, त्याऐवजी दुसरं जयघोषाचं वचन असतं.)

२. गाणी निवडताना क्रम उलटा करा

आपण प्रवेशगीत, अर्पणगीत, कम्युनियनचं (पवित्र भाकर ग्रहण करतानाचं) गीत आणि शेवटचं गीत ही चार ठरवतो आणि काम झालं असं समजतो. मग 'पवित्र, पवित्र, पवित्र' नुसतं बोलून उरकलं जातं, स्तोत्र वाचलं जातं आणि भाकर-द्राक्षरसावरच्या मोठ्या प्रार्थनेनंतरचा 'आमेन' पुटपुटला जातो. म्हणजे मिस्सेच्या भोवतालचं आपण गातो आणि मिस्सा बोलून टाकतो. क्रम असा ठेवा: आधी आलेलूया, 'पवित्र, पवित्र' आणि मोठा आमेन, नंतर पहिल्या वाचनानंतरचं प्रतिसाद स्तोत्र, मग ग्लोरिया असेल तर तो, आणि शेवटी ती चार गाणी. वेळ कमी पडला तर गाण्यांची कडवी कापा, स्तोत्र नाही.

दोन नियम पक्के आहेत. प्रतिसाद स्तोत्राच्या जागी दुसरं गाणं म्हणता येत नाही, ते कितीही आवडतं असलं तरी. आणि ग्लोरिया, 'पवित्र, पवित्र' किंवा 'देवाच्या कोकरा' यांचे शब्द बदलून बसवलेली गाणी वापरायची नाहीत. ती प्रार्थना आहे तशीच म्हणायची.

इथली खरी अडचण चालींची आहे. वसईच्या माणसाला येणारी चाल शेवगावच्या माणसाने ऐकलेली नसते. हरेगावच्या मतमाउलीच्या (मारिया मातेच्या) यात्रेत जे गाणं हजारो लोक एका सुरात म्हणतात ते गावठाणातल्या आजींना नवं असतं. परिणामी कॉयर गातो आणि लोक ऐकतात. यावर उपाय एकच आणि तो कंटाळवाणा आहे: 'पवित्र, पवित्र' आणि 'आमेन'ची एकच चाल पूर्ण हंगामभर बदलायची नाही. चौथ्या रविवारी लोक पुस्तक न बघता म्हणू लागतात. नवं गाणं महिन्याला एकच आणावं आणि मिस्सेच्या आधी पाच मिनिटं सगळ्यांकडून म्हणून घ्यावं. ऐरोलीतल्या बाईंना वसईचं एक गाणं आणि वसईकरांना नगरकडचं एक, असं वर्षभरात बरंच साध्य होतं.

स्वर खाली आणा. तयारीच्या गळ्याला सोपा असलेला सूर बाकांवरच्या पुरुषांना झेपत नाही आणि ते गप्प होतात. हार्मोनियमवर एक-दोन सूर उतरवले की अर्ध्या बाकांना कंठ फुटतो. एकदा करून पाहा. कीबोर्डचा तयार ठेका बंद ठेवा, तो लोकांना पळवतो. प्रायश्चित्तकाळात वाद्यं फक्त गायनाला आधार म्हणून वाजवायची असतात, मधले तुकडे वाजवायचे नसतात.

सावधान: चित्रपटातल्या गाण्याच्या चालीवर बसवलेले भक्तीचे शब्द. शब्द येशूचे असले तरी ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पडद्यावरचे नायक-नायिका येतात. चाल कितीही गोड असो, ती वगळा.

३. वाचकाची तयारी

एक वाचक नीट तयार झाला तर मिस्सेत जेवढा फरक पडतो तेवढा पाच हजारांच्या फुलांनी पडत नाही. म्हणून इथे थोडं सविस्तर लिहितो.

शुक्रवारी आणि शनिवारी वाचन घरी मोठ्याने वाचा. मनात वाचलेलं मोजायचं नाही. पहिल्यांदा फक्त अर्थासाठी: कोण बोलतंय, कोणाला, कशामुळे? दुसऱ्यांदा पेन्सिल हातात घ्या आणि जिथे श्वास घ्यायचा तिथे उभी रेघ मारा. संत पौलाच्या पत्रांत एक वाक्य सहा-सहा ओळी चालतं. रेघा नसतील तर चौथ्या ओळीत दम लागतो आणि क्रियापद येईपर्यंत ऐकणारा कर्ता विसरलेला असतो. तिसऱ्यांदा घरातल्या कोणालातरी पुस्तक न देता ऐकवा आणि विचारा, काय कळलं? त्यांना सांगता आलं तर तुम्ही तयार आहात.

जोर कुठे द्यायचा हेही घरीच ठरवायचं. 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे; मला काही उणे पडणार नाही' ही ओळ सगळ्यांना पाठ आहे, म्हणूनच ती सपाट म्हटली जाते. 'परमेश्वर' म्हणून किंचित थांबा, 'माझा मेंढपाळ आहे' सलग घ्या, अर्धविरामाला पूर्ण श्वास घ्या, आणि 'काही' या शब्दावर अगदी थोडं टेका. एवढ्याने ओळ जिवंत होते. याहून जास्त केलंत तर नाटक होतं. रडवेला आवाज, हातवारे, आकाशवाणीचा थाट यांतलं काही नको.

नावं आधी म्हणून पाहा. पन्नासाव्या दिवसाच्या सणाला प्रेषितांच्या कृत्यांतलं वाचन येतं: पार्थी, मेदी, एलामी, पुढे फ्रुगिया, पंफुलिया. अडखळलात की पहिल्या बाकावरची पोरं हसतात आणि पवित्र आत्म्याचं आगमन तिथेच राहून जातं.

रविवारी पुढे जाताना वेदीला मान लवून वंदन करा आणि चालत जा, धावत नाही. लोक बसेपर्यंत थांबा. खोकणं आणि बाकांची करकर थांबली की मगच तोंड उघडा. लाल अक्षरांत छापलेलं 'पहिले वाचन' म्हणायचं नसतं, ती फक्त सूचना आहे. थेट 'यशयाच्या पुस्तकातून' असं जे छापलेलं आहे तिथून सुरू करा. वाचन संपल्यावर तीन आकडे मोजण्याएवढा वेळ सोडा आणि मग समाप्तीचे शब्द म्हणा. वाचन लेक्शनरीतूनच (वाचनांच्या ग्रंथातूनच) करा. मोबाइलवरून किंवा घडी घातलेल्या झेरॉक्सवरून वाचलं की देवाचं वचन नोटीस वाचल्यासारखं दिसतं.

बोलीची लाज नको. वाडवळी किंवा नगरी हेल असला तरी चालतो. स्पष्ट आणि सावकाश उच्चार असले की बस. उंच छताच्या जुन्या चर्चमध्ये आवाज घुमतो, तिथे आणखी हळू वाचा. नव्या इमारतीतल्या हॉलमध्ये पंख्यांची घरघर असते, तिथे माइक तोंडापासून वीतभर अंतरावर, थोडा खाली ठेवा. 'हॅलो हॅलो' आणि टिचक्या मिस्सेच्या आधीच उरका.

४. श्रद्धावंतांच्या प्रार्थना

चार पुरे. क्रम ठरलेला आहे: आधी चर्चसाठी, मग राज्यकर्ते आणि जगासाठी, मग अडचणीत असलेल्यांसाठी, शेवटी आपल्या धर्मग्रामासाठी. प्रत्येक प्रार्थना दोन वाक्यांत संपवा. देवाला बातम्या सांगायच्या नाहीत आणि लोकांना उपदेश करायचा नाही. पावसाळ्यात 'सर्व गरजूंसाठी' म्हणण्यापेक्षा 'कळवा-मुंब्र्याच्या डोंगरउतारावर रात्र जागून काढणाऱ्या कुटुंबांसाठी' म्हटलं की बाकांवरून येणारा प्रतिसाद बदलतो. देणगीदारांचे आभार इथे मानू नका.

५. शनिवारी संध्याकाळी: वेदी, वस्तू, विजेच्या तारा

आदल्या दिवशी एकाच माणसाने, एकाच यादीवरून हे काम करावं. चॅलिस (द्राक्षरसाचा पेला), पॅटन (भाकरीची तबकडी), पुरेशा ऑस्ट्या (मिस्सेच्या पातळ भाकऱ्या) मोजून भरलेलं सिबोरियम (झाकणाचं पात्र), धुऊन इस्त्री केलेले कॉर्पोरल (पेल्याखाली अंथरायचं वस्त्र) आणि प्युरिफिकेटर (पेला पुसायचं वस्त्र), द्राक्षरस आणि पाण्याच्या कुप्या, हात धुण्याचं भांडं, मिसलमध्ये (मिस्सेच्या प्रार्थनांच्या ग्रंथात) योग्य पानांवर फिती. मिसलचं पान वेदीवर शोधावं लागलं की फादरांचं लक्ष जातं आणि त्यांच्यामागे सगळ्यांचं.

फुलं वेदीच्या आजूबाजूला ठेवायची, वेदीवर नाही. वेदीवर ख्रिस्ताचा यज्ञ होतो, तिचा पृष्ठभाग मोकळा दिसला पाहिजे. जांभळी नाक्याच्या बाजारात सकाळी मिळणारी साधी ताजी फुलं प्लास्टिकच्या मोठ्या गुच्छापेक्षा चांगली. प्रायश्चित्तकाळात वेदीपाशी फुलं नसतात आणि आगमनकाळात मोजकीच असतात. हा रिकामेपणा लोकांना जाणवू द्या, दुसऱ्या कशाने भरून काढू नका.

पंखे चालू करून मेणबत्त्या लावून पाहा. वेदीवरचा पंखा विझवतो कोणती ज्योत, आणि लेक्शनरीची पानं उडवतो कोणता, हे शनिवारीच कळलं पाहिजे. पावसाळ्यात दाराशी छत्र्यांसाठी पिंप आणि पायपुसणं ठेवा. ओल्या फरशीवर कम्युनियनच्या रांगेत म्हातारी माणसं घसरतात.

शनिवारी संध्याकाळी कन्फेशनची वेळ असेल तर ती मिस्सेच्या घोषणेइतकीच ठळकपणे लोकांना सांगा. रविवारी सकाळी, मिस्सेच्या दोन मिनिटं आधी रांगेत घाई करून केलेलं पापनिवेदन कोणालाच समाधान देत नाही.

६. रविवारी घरून निघताना

हा टप्पा समितीचा नाही, प्रत्येकाचा आहे.

कम्युनियन घेण्याआधी एक तास काही खायचं-प्यायचं नाही. पाणी आणि औषध चालतं. आजारी आणि वृद्धांना, तसंच त्यांची काळजी घेणाऱ्यांना यातून सूट आहे. पोहे खाऊन धावतपळत पोचायचं नसेल तर नाश्ता मिस्सेनंतर ठेवा.

रविवारी मेगाब्लॉक असतो. ट्रान्स-हार्बरवर किंवा मध्य रेल्वेवर गाड्या बंद आहेत का ते शनिवारी रात्री पाहा, विशेषतः कॉयर आणि वाचकांनी. घोडबंदर रोडवरून येणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. वीस मिनिटं आधी पोचायचं ठरवलं तर दहा मिनिटं आधी पोचता येतं.

शुभवर्तमान घरीच एकदा वाचा. मुलांना घेऊन मागच्या बाकावर बसू नका. तिथून त्यांना फक्त पाठी दिसतात आणि कंटाळा येतो. पुढे बसलेलं मूल फादरांचे हात, मेणबत्ती, घंटा पाहतं आणि बरंच शांत राहतं.

७. सुरुवातीच्या आधीची दहा मिनिटं

आधीची मिस्सा सुटते तेव्हा आपली सुरू व्हायला वीसेक मिनिटं असतात. जाणारे आणि येणारे दारात भेटतात, गप्पा होतात आणि त्या आत येतात. भेटीगाठी चांगल्याच, पण बाहेरच्या पायऱ्यांवर. यासाठी दाराशी दोन माणसं उभी करा. ओरडायचं नाही, हसून हाताने बाहेरची जागा दाखवायची.

कॉयरचं सूर लावणं आणि माइक तपासणं दहा मिनिटं आधी संपलं पाहिजे. नवं गाणं शिकवायचं असेल तर तेही त्याआधी. सॅक्रिस्टीतही शांतता हवी. रोमन मिसलच्या सूचनांमध्ये मिस्सेआधी चर्चमध्ये आणि सॅक्रिस्टीत मौन पाळावं असं स्पष्ट सांगितलं आहे. सॅक्रिस्टीत हिशोबाची चर्चा करून बाहेर आलेली मिरवणूक तशीच दिसते.

टॅबर्नॅकलसमोरून (पवित्र भाकर ठेवायच्या पेटीसमोरून) जाताना गुडघा टेका किंवा, भारतात चालतं त्याप्रमाणे, हात जोडून खोल वाका. जे कराल ते थांबून करा.

तपासून घ्या: पाच मिनिटं आधी चर्चच्या मध्यावर उभं राहून ऐका. जो आवाज ऐकू येतो तो कोणाचा आहे? बहुतेक वेळा तो आपल्याच टीमचा असतो.

८. वाचनं चालू असताना

प्रत्येक वाचनानंतर आणि प्रवचनानंतर थोडं मौन. हे मिसलमध्येच सांगितलेलं आहे, तरी सर्वांत आधी हेच गळतं. पहिल्या रविवारी लोकांना एका वाक्यात सांगा की वाचनानंतर आपण थोडा वेळ गप्प राहणार आहोत, नाहीतर त्यांना वाटतं कोणीतरी आपली ओळ विसरलं. वीस सेकंदांनी सुरुवात करा. स्तोत्र गाणाऱ्याने मनात मोजून मगच उठावं.

प्रवचनाबद्दल फादरांना सांगणं अवघड जातं, पण सांगता येतं. पोप फ्रान्सिस यांनी जून २०२४ मध्ये धर्मगुरूंना सांगितलं होतं की प्रवचन आठ मिनिटांच्या वर जाऊ नये. तुमच्या फादरांना गुरुवारची ती ओळ आणि धर्मग्रामात त्या आठवड्यात काय घडलं हे आधी कळवलं तर प्रवचन छोटंही होतं आणि आपलंही वाटतं.

९. अर्पण आणि आरती

मिरवणुकीत भाकर, द्राक्षरस आणि गरिबांसाठीचं दान आणा. फुटबॉल, लॅपटॉप, गिटार, हेल्मेट आणून प्रत्येकाचा अर्थ माइकवर समजावणं बंद करा. त्या वस्तू मिस्सेनंतर घरी परत जातात, म्हणजे त्या अर्पण झालेल्याच नसतात.

आरतीला पूर्ण परवानगी आहे. भारतातल्या उपासनेसाठी १९६९ मध्ये मंजूर झालेल्या बारा मुद्द्यांत अंजली मुद्रा, पंचांग प्रणाम, मेणबत्तीऐवजी तेलाचे दिवे यांच्याबरोबर फुलं, धूप आणि दिव्यांची आरतीही आहे. अर्पणाच्या वेळी आणि मोठ्या प्रार्थनेच्या शेवटी ती करता येते. पण प्रवेशाला, शुभवर्तमानाला, अर्पणाला आणि शेवटाला अशी चारदा केली की तिचं वजन जातं. सणाला एकच करा, ती मोठ्या प्रार्थनेच्या शेवटी असावी असं माझं मत. तबक धरणाऱ्यांनी शनिवारी पेटत्या कापरासह सराव करावा. सराव नसेल तर हात भाजतो किंवा तबक गोल फिरवायचं सोडून कसंही हलवलं जातं. त्यापेक्षा वेदीजवळ दोन समया तेवत ठेवा, तेवढ्यानेही सुंदर दिसतं.

१०. वेदीवरची मोठी प्रार्थना

भाकर आणि द्राक्षरस ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त होतात ती ही प्रार्थना. इथे करायच्या गोष्टी थोड्या आणि टाळायच्या जास्त आहेत.

फादर ही प्रार्थना म्हणत असताना कीबोर्ड मागे हळूहळू वाजवायचा नाही. कित्येक कॉयर हे भक्तीने करतात, तरी मिसल सांगतं की धर्मगुरू या प्रार्थना म्हणत असताना वाद्यं आणि इतर गाणी बंद असावीत. एकदा पूर्ण शांततेत घंटा ऐकू येऊ द्या, फरक लगेच जाणवेल.

'त्याच्याद्वारे, त्याच्यासह' ही शेवटची ओळ फादरांनी एकट्याने म्हणायची असते. लोकांचा भाग एकच शब्द: आमेन. ओळ आपण सगळ्यांनी म्हणायची सवय लागलेली असल्यामुळे आमेनला दम उरत नाही. ओळ सोडून द्या आणि आमेन तीनदा, पूर्ण आवाजात गा.

फोटोग्राफरला वेदीच्या पायरीवर चढू देऊ नका. पहिल्या कम्युनियनच्या किंवा लग्नाच्या दिवशी त्याची उभं राहण्याची जागा आधीच खडूने आखून द्या आणि या प्रार्थनेत त्याने बसायचं असं पैसे ठरवतानाच सांगा. शांतीचा संदेश आजूबाजूच्यांना द्यावा, पूर्ण चर्चभर फिरू नये. त्या वेळी वेगळं गाणंही लावू नये.

११. कम्युनियन

रांगेत जाताना हात जोडलेले असावेत आणि फोन बाकावरही नसावा, पर्समध्ये असावा. आपल्या पुढचा माणूस घेत असताना खोल वाकून वंदन करा, म्हणजे पाळी आल्यावर घाई होत नाही.

हातात घ्यायचं असेल तर डावा तळवा वर, त्याखाली उजवा हात. (डावखुऱ्यांनी उलट.) चौथ्या शतकातले जेरुसलेमचे संत सिरिल सांगत की राजाला घ्यायचं आहे, तेव्हा डाव्या हाताचं उजव्यासाठी सिंहासन करा. आपण उचलायला उजवा हात वापरतो म्हणून डावा वर ठेवतो, पण सिंहासन तेच. बोटांनी चिमटीत धरून घेऊ नका. 'ख्रिस्ताचे शरीर' ऐकल्यावर 'आमेन' ऐकू येईल असं म्हणा, एक पाऊल बाजूला व्हा, तिथेच वेदीकडे तोंड करून ग्रहण करा आणि तळव्यावर कण राहिला नाही ना ते पाहा. चालत चालत तोंडात टाकणं ही आपल्याकडची सर्वांत नित्याची चूक आहे. जिभेवर घ्यायचं असेल तर तोंड नीट उघडा आणि मान थोडी मागे करा. द्राक्षरसात बुडवून दिलं जात असेल तर ते जिभेवरच घ्यायचं असतं.

फादर स्वतः ग्रहण करत असतानाच कॉयरने गाणं सुरू करावं आणि ते असं असावं की लोकांना चालताना पुस्तकाशिवाय म्हणता येईल. कॉयरने स्वतः कधी घ्यायचं ते आधी ठरवा. शेवटी धावत जिना उतरणारा कॉयर सगळ्यांची एकाग्रता मोडतो.

आणि त्यानंतर थांबा. सगळे घेऊन बसले की दुसरं 'ध्यानगीत' नको, कीबोर्ड नको, कोणाची उत्स्फूर्त प्रार्थना माइकवर नको. दोन मिनिटं काहीही नको. ठाणे स्टेशनावर सकाळी लोकलमध्ये चढणाऱ्या माणसाला आठवड्यात दुसरीकडे कुठे एवढं मौन मिळत नाही. लहान मूल रडलं तर रडू द्या, त्याच्या आईकडे वळून बघू नका.

सावधान: सूचना या मौनात सांगायच्या नसतात. कम्युनियननंतरची प्रार्थना झाल्यावर सांगायच्या, तीनपेक्षा जास्त नाही, बाकीच्या फलकावर लावायच्या. सत्कार आणि वाढदिवस बाहेर, चहाबरोबर.

१२. मिस्सा सुटल्यावर

वेदीवरची वस्त्रं घरच्या धुण्यात टाकू नका. प्युरिफिकेटर आणि कॉर्पोरल आधी साध्या पाण्यात भिजवा, ते पाणी मोरीत न ओतता झाडाच्या मातीत ओता, मग साबणाने धुवा. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी चर्चच्या आवारातच हे उरकून मग कपडे घरी न्यावेत.

टीमने दहा मिनिटं बसावं. कोण चुकलं हा विषय काढू नका. कुठे घाई झाली, कुठे मौन गळलं, कोणतं गाणं लोकांनी खरंच म्हटलं, एवढ्यावर बोला. सगळं एकदम बदलायला जाऊ नका. पहिल्या महिन्यात फक्त वाचक आणि कम्युनियननंतरचं मौन सांभाळा. दुसऱ्या महिन्यात चालींकडे वळा. उठण्याआधी पुढच्या रविवारच्या दोन वाचकांच्या हातात त्यांच्या वाचनांचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी द्या आणि शुक्रवारी त्यांना फोन कोण करणार ते ठरवा.